गॅझेटिअर आणि गॅझेट: जिल्ह्या-तालुक्यांच्या जुन्या हद्दी कुठे शोधायच्या?

आरक्षणाच्या चर्चेत ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द घरोघरी पोहोचले, पण ज्याबद्दल बोललं जातं ते गॅझेटिअर आहे. बोलताना हे चालून जातं. जुन्या हद्दी शोधायला बसलात की मात्र एकाऐवजी दुसरं उघडून दिवस वाया जातो.

गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचं वर्णन करणारा ग्रंथ. मुंबई इलाख्याचे खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार झाले: खानदेश 1880, ठाणे 1882, नाशिक 1883, पुणे 1885. त्या त्या वर्षाच्या सुमाराला जिल्हा कसा होता, कोणते तालुके होते, चतुःसीमा काय होत्या, हे त्यात मिळतं. बहुतेक जण पहिल्या प्रकरणातल्या चतुःसीमा वाचून थांबतात. खरा माल जमीनमहसुलाच्या प्रकरणात असतो. कोणता मुलूख कधी इंग्रजांकडे आला आणि कोणता तालुका कुठून कुठे गेला, याची हकिकत तिथे सापडते.

गॅझेट म्हणजे शासकीय राजपत्र. त्यात वर्णन नसतं, हुकूम असतो. अमुक गावं अमुक तारखेपासून अमुक तालुक्यात, एवढंच. कोर्टात किंवा महसुली कामात हद्द सिद्ध करायची असेल तर ही अधिसूचनाच लागते. तिथे गॅझेटिअरचा उतारा पूरक पुरावा म्हणून ठीक आहे.

नंदुरबारकडचं एखादं गाव घेऊ. 1880 च्या खंडात ते अखंड खानदेशात दिसेल. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा ते पश्चिम खानदेशात गेलं. तोच पुढे धुळे जिल्हा झाला आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा झाला. तालुक्यांची नावंही बदलली आहेत. आजच्या साक्री तालुक्यातलं गाव जुन्या खंडात पिंपळनेरखाली पाहावं लागतं.

1960 चा टप्पा गॅझेटिअरवरून नीट उलगडत नाही. त्या वेळी अख्खे तालुके नाही, तर निवडक गावं गुजरातला गेली. त्यांची नावनिशीवार यादी मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ठाण्याकडून उंबरगाव तालुक्यातली गावं, पश्चिम खानदेशाकडून नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. कायद्यावर एप्रिल 1960 ची तारीख आहे, पण हद्द बदलली 1 मे रोजी. नोंद करताना अंमलाची तारीख धरा, छपाईची नाही.

राजपत्रात सर्वात जास्त फसगत होते ती मसुद्यामुळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 नुसार जिल्हा किंवा तालुका बदलण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. शोधताना आधी हाती लागतो तो हा मसुदा, आणि हरकतींनंतर त्यातली गावं बदललेली असू शकतात. म्हणून मसुद्यावर थांबू नका, अंतिम अधिसूचना मिळेपर्यंत शोधत राहा. नंतरचं शुद्धिपत्रकही पाहा. गावांच्या नावातल्या चुका तिथे दुरुस्त होतात.

गॅझेटिअरची फसगत वेगळी. जुने खंड पुनर्मुद्रित झाले आहेत आणि संगणकावरही वाचता येतात. मुखपृष्ठावर नवं साल असलं तरी आतला मजकूर जुनाच असतो. प्रस्तावनेतलं मूळ साल आधी टिपून घ्या, मगच ‘त्या वेळी हा तालुका इथे होता’ असं लिहा.

राजपत्राचं साल ठाऊक नसेल तर अंक चाळत बसण्याआधी जिल्हा जनगणना पुस्तिका काढा. दोन जनगणनांच्या दरम्यान कोणती गावं आत आली, कोणती बाहेर गेली, हे तिथे कळतं. मग शोध दहा वर्षांच्या अंकांपुरताच उरतो.