चालू सर्व्हरला अपडेट कशाला?

अपडेटचा विषय काढला की एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) भेटीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तरादाखल आम्ही २५ जानेवारी २००३ची हकीकत सांगतो.

त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेस सॉफ्टवेअरवर ‘स्लॅमर’ नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. कुठला डेटाबेस कोणत्या पोर्टवर (नेटवर्कवरून आत यायच्या क्रमांकित दारावर) आहे हे सांगणारी एक सेवा त्यात यूडीपी १४३४ पोर्टवर चालायची. समोरून आलेलं नाव ती मेमरीतल्या ठरावीक मापाच्या जागेत उतरवायची, पण लांबी तपासायची नाही. मुद्दाम लांबलचक नाव पाठवलं की जादाचा मजकूर शेजारच्या मेमरीवर चढायचा. तिथेच, काम संपल्यावर पुढे कुठे जायचं याचा पत्ता असतो. तो बदलला की सर्व्हर हल्लेखोराचा कोड मुकाट चालवतो. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

अख्खा वर्म ३७६ बाइटचा. मराठीत टाइप केलेली दोन-तीन वाक्यं त्याहून मोठी भरतील! तरी सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना लागण दुप्पट होत होती. बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली, दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झालं. सर्व्हर रीस्टार्ट केला की वर्म जायचा, कारण तो डिस्कवर नसायचाच. नेटवर्क जोडलं की पुन्हा हजर. ही चूक दुरुस्त करणारा पॅच मात्र जुलै २००२पासून उपलब्ध होता.

अनेकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याची छोटी आवृत्ती, एमएसडीई, दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत आलेली होती. आजही बिलिंग किंवा हजेरीच्या सॉफ्टवेअरबरोबर एसक्यूएल एक्स्प्रेस ही तशीच छोटी आवृत्ती येऊन बसते, म्हणून आम्ही आधी तेच शोधतो. मग राउटर बघतो. ‘मालकांना घरून रिपोर्ट दिसावेत’ म्हणून कुणीतरी १४३३ किंवा १४३४ पोर्ट बाहेर उघडून ठेवलेला असतो. तो आम्ही बंद करू. रिपोर्ट व्हीपीएनवरून (सुरक्षित खासगी जोडणीवरून) बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ आणि २०१४ आवृत्त्यांचा सपोर्ट अनुक्रमे जुलै २०२२ व जुलै २०२४मध्ये संपला आहे. त्या वापरत असाल तर नव्या आवृत्तीचं बोलून घेऊ.

पॅचआधी बॅकअप घेतला जाईल आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला जाईल. काम दुकान बंद झाल्यावर, जीएसटी रिटर्नच्या तारखा सोडून करू. सोयीची वेळ आधी कळवा. ॲडमिन पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आमचा माणूस आला की तुम्हीच टाइप करा.