घरासाठी बंदुकीचा परवाना: अर्ज करण्याआधी हे वाचा

मळ्यातल्या वस्तीवर चोरटे येऊन गेले की पुढचा पंधरवडा सगळ्या शिवारात एकच विषय असतो, "आता बंदूकच घेतो." आमच्या मामांच्या वस्तीवर मध्यरात्री कडीकोयंडा उचकटला गेला, तेव्हा त्यांचंही तेच ठरलं. त्यांच्याबरोबर अर्ज भरायला मी गेलो होतो. तिथे जे शिकलो आणि नंतर कायदा वाचून पक्कं केलं, ते इथे लिहितो.

मामांच्या डोक्यात होतं रिव्हॉल्वर. बहुतेकांच्या डोक्यात तेच असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये एक फरक आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. संरक्षणासाठी किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) एकनळी किंवा दुनळी मागितली, तर नकाराचं कायदेशीर कारण नसताना परवाना द्यावा, अशी कायद्याची भाषा आहे. रिव्हॉल्वर, पिस्तूल किंवा रायफल मागितली, तर मात्र 'योग्य कारण' असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. व्यवसायामुळे किंवा अन्य कारणानं जिवाला, मालमत्तेला खरा धोका आहे, हे कागदावर दाखवावं लागतं. घर राखायचं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: बारा बोअरचाच अर्ज करा. 9 एमएमसारखी बंदी असलेल्या बोअरची शस्त्रं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, त्यांचा विचारही करू नका. पिकासाठी, रानडुकरांच्या त्रासापायी मागणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्याच कलमात आहे.

वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यानंतर 5 वर्षं परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राखाली असलेल्यालाही मिळत नाही, आणि मानसिक स्थिती ठीक नसेल तरीही नाही. "तुमच्याकडे पुरेशी जमीनजुमला नाही" एवढ्यावरून मात्र नकार देता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

अर्ज कुठे? पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे नमुना ए-1 भरायचा. सोबत फोटो, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र (त्यात नशेच्या पदार्थांचं व्यसन नसल्याचा उल्लेख हवाच), शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. चोरी झाली असेल तर एफआयआरची प्रत जोडा. मामांनी आधी तक्रारच दिली नव्हती, "गेलं ते गेलं" म्हणून. मग धोका आहे हे सांगायचं कशाच्या जोरावर? पोलीस ठाण्यात नोंद नसेल, तर तुमची भीती फाइलमध्ये दिसत नाही.

त्यानंतर पोलीस पडताळणी. नियमानं ठाण्याचा अहवाल 30 दिवसांत जायचा असतो आणि अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. आमच्याकडे हवालदार आले ते आधी शेजाऱ्यांकडे गेले. घरात भांडणं होतात का, दारूपाणी आहे का, भावकीत बांधाचा वाद आहे का, सगळं विचारून झालं. मग घरात येऊन त्यांनी लोखंडी कपाट दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते हललं. "हे तर दोघं जण उचलून नेतील," एवढंच बोलले. दुसऱ्याच दिवशी मामांनी गवंडी बोलावून ते चार बोल्टांनी भिंतीत जखडलं. मला त्या हवालदारांचा आदर वाटला, कारण चोराच्या हाती गेलेली बंदूक तुमची राहत नाही.

घरच्याच माणसांना होणारा धोका तर याहून मोठा. 2024 च्या ऑक्टोबरात अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून घरातच गोळी सुटून त्यांच्याच पायात घुसली. नातवंडं असलेल्या घरात बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली देव्हाऱ्यामागे नको.

नकार मिळाला, तर कारण लेखी नोंदवलं गेलं पाहिजे. त्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं. पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध ते राज्य शासनाकडे जातं.

आता वादाचं बोलू. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा घटनात्मक हक्क मानला. आपल्याकडे इंग्रजांच्या 1878 च्या कायद्यानं लोकांची शस्त्रं काढून घेतली, तो सल इतका खोल होता की 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मांडला, पण मान्य झाला नाही. म्हणून इथे परवाना ही मुभा आहे, आणि मला ते योग्य वाटतं. वशिल्यानं वाटलेले परवाने काय करतात, हे बीड जिल्ह्यानं पाहिलं आहे. तिथे 2025 च्या सुरुवातीला फेरतपासणी होऊन शंभरावर परवाने रद्द झाले. पण त्याच कडकपणाचा फटका आडरानात राहणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याला बसतो, त्याच्या फाइलला वर्ष लागतं, याचा मला राग आहे.

परवाना मिळाला म्हणजे गोळी घालायची सूट मिळाली, असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 प्रमाणे दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा करायची. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल.

शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षं आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त 2 शस्त्रं. लग्नावरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना कट्टा सापडला तर किमान 2 वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी टाका.

आणि आजोबांची जुनी दुनळी माळ्यावर असेल, तर ती तशीच ठेवू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग इतर वारसांची ना-हरकत घेऊन स्वतःच्या नावे अर्ज करा. आजोबा हयात असतील आणि 70 वर्षांचे झाले असतील, किंवा बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षं असेल, तर त्यांच्या हयातीतच ती वारसाच्या नावे करता येते.