दोन छोटे ‘एफ’ म्हणजे खानदानी? छे!

फॅरिंग्टन, फोक्स, फ्रेंच ही आडनावं ब्रिटन-आयर्लंडमधली काही मोजकी घराणी सुरुवातीला दोन छोटे ‘एफ’ घालून लिहितात, जसं ffrench. हा म्हणे उमरावपणाचा शिक्का. प्रत्यक्षात तो वाचनातला घोळ आहे.

जुन्या कोर्टकचेरीच्या वळणात मोठा ‘एफ’ काढताना दोन उभे दंड ओढत. आज तो जोडीने उभे असलेले दोन छोटे ‘एफ’ वाटतो, पण कारकुनाच्या लेखी अक्षर एकच. वळण बदललं, तरी दस्तातली जोडी काहींनी जशीच्या तशी उचलली आणि मग मिरवलीही. मोडी वाचणाऱ्यांना असले घोळ नवे नाहीत.

लँकेशरातल्या लेलंडचे फॅरिंग्टन, नॉरफकमधल्या हिलिंग्टनचे फोक्स यांची जोडी अशीच. वेल्समध्ये मात्र जपून: वेल्श भाषेत एकटा ‘एफ’ म्हणजे ‘व’, ‘फ’साठी दोन लागतातच.

वंशावळ शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. इंग्लंड-वेल्सच्या 1841 ते 1901च्या जनगणनेत बहुधा प्रगणकाने उतरवलेली नक्कल मिळते, म्हणजे वळणही त्याचंच. 1911चा फॉर्म कुटुंबाने स्वतः भरलेला असतो. त्यावरची सही पाहा.