भिडूने एक बदाम म्हटले, तुम्ही काय म्हणाल?

ब्रिजच्या डावात तुमच्या हातात आलेली तेरा पाने अशी आहेत: इस्पिकची एकटी पंजी, बदामची अठ्ठी आणि दुर्री, चौकटचे राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, छक्की आणि तिर्री, किलवरची राणी, नव्वी, सत्ती आणि चव्वी. समोर बसलेल्या भिडूने ‘एक बदाम’, म्हणजे बदाम हुकूम धरून सहांच्या वर एक असे सात हात (पानांच्या फेऱ्या) जिंकू, अशी बोली लावून सुरुवात केली. तुमच्या उजवीकडच्याने पास म्हटले. आता तुमची पाळी.

नवा खेळाडू इथे जवळजवळ हमखास ‘दोन चौकट’ म्हणतो. सहा पानांचा रंग आहे, वर राजा-गुलाम आहेत. तो सांगायचा नाही तर काय सांगायचे? मुरलेला खेळाडू याच पानांवर ‘एक नो ट्रम्प’ (बिनहुकमी) म्हणतो, म्हणजे चौकटचा उल्लेखसुद्धा करत नाही. शिकवणारे हा नियम सांगून पुढे जातात: दोनच्या पातळीवर नवा रंग दाखवायला दहा गुण (भारी पानांची मोजलेली ताकद) हवेत, तुमच्याकडे सहाच आहेत. नियम बरोबर आहे, पण तो तसा का आहे हे सांगितले नाही तर ब्रिजमधली सर्वांत सुंदर गोष्टच शिकणाऱ्याच्या नजरेतून निसटते. भिडूच्या बोलीला दिलेले उत्तर म्हणजे आपल्या पानांचे कौतुक नव्हे. अतिशय अरुंद वाटेने मोजकीच माहिती पाठवता येते, तेव्हा त्यातली कोणती पाठवायची, हा तो प्रश्न असतो.

वाट किती अरुंद आहे ते आधी पाहू. आज खेळतात त्या काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम अमेरिकेच्या हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावरच्या प्रवासात बसवले. बोली एक ते सात अशा सात पातळ्यांवर लागते आणि प्रत्येक पातळीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प अशा चढत्या क्रमाने पाच बोली असतात. एकूण ३५ पायऱ्यांचा हा जिना. त्यावर फक्त वर जाता येते, खाली येता येत नाही. पास, डबल (पैज दुप्पट) आणि रिडबल (पुन्हा दुप्पट) धरून सारा शब्दसंग्रह ३८ शब्दांचा.

आणि सांगायचे किती? स्वतःची तेरा पाने पाहिल्यावर उरलेल्या ३९ पानांतून भिडूकडे कोणती तेरा असतील, याच्या शक्यता ८१२ कोटींहून अधिक आहेत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहिती मोजण्याचे गणित मांडले. त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका उत्तराला एक बिट म्हणतात. त्या मापाने भिडूची पाने पूर्ण कळायला सुमारे ३३ बिट लागतील. एखाद्या वळणावर सारख्याच वारंवारतेच्या आठ बोली उपलब्ध असल्या, तरी एका बोलीतून मिळतात तीन बिट. भिडू एका डावात दोन-तीनदा बोलणार. म्हणजे हाती येणार जेमतेम नऊ-दहा बिट. भिडूची बहुतेक पाने बोली संपेपर्यंत अंधारातच राहतात. म्हणून कोणते दहा बिट मागायचे, हे ठरवण्यातच बोलीपद्धतीचे शहाणपण आहे.

व्यवहारात दोन गोष्टी कळल्या तरी बरेच भागते: दोघांची मिळून ताकद किती, आणि दोघांचा मिळून आठ पानांचा रंग आहे का. ताकद मोजायला मिल्टन वर्क यांनी रूढ केलेली गुणपद्धत आहे: एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. पत्त्यांच्या संचात एकूण ४० गुण, सरासरीने प्रत्येकाकडे १०. अनुभव असा की जोडीकडे २५ च्या आसपास गुण असले की गेम (मोठ्या बक्षिसाची बोली) होण्याची चांगली संधी असते. गेमसाठी नो ट्रम्पमध्ये नऊ हात करावे लागतात, बदाम किंवा इस्पिकमध्ये दहा. गेमपर्यंत पोहोचायची एवढी धडपड का, तर डुप्लिकेट ब्रिजमध्ये (तीच पाने अनेक टेबलांवर खेळतात तो प्रकार) ‘दोन नो ट्रम्प’ बोलून नऊ हात केले तर निकालाचे १५० गुण मिळतात. तेच नऊ हात ‘तीन नो ट्रम्प’ बोलून केले तर ४००, आणि व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) असाल तर ६००. खेळ तोच, पाने तीच. फरक फक्त आधी बोलण्याचा.

आता उत्तर देणाऱ्याची किमान मर्यादा सहा गुणांची का, हे आपोआप उलगडते. एकच्या पातळीवर रंगाची बोली लावणाऱ्या भिडूकडे साधारण १२ ते २० गुण असतात. त्याहून जबरदस्त पाने असतील तर तो वेगळी, मोठी बोली लावतो. त्याच्याकडे १९-२० असतील आणि तुमच्याकडे सहा, तर गेम शक्य आहे. म्हणून सहा गुणांवर बोली जिवंत ठेवायची. चार असतील तर पास करायचे. तो पाससुद्धा एक उत्तर असते, आणि बरेच स्पष्ट. दुसरीकडे, भिडूकडे १३ गुण असतील तर उरलेले २७ तिघांत वाटले गेलेले असतात, म्हणजे तुमच्या वाट्याला सरासरीने नऊ. थोडक्यात, उत्तर देणाऱ्याची पाने बहुतेक वेळा सामान्यच असतात. जे वारंवार सांगावे लागते त्याला स्वस्त शब्द द्यावा आणि जे क्वचित घडते त्याला महाग, हे संदेश आखडून पाठवण्याचे तत्त्व डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली गणिताने पक्के केले. ब्रिज खेळणारे ते आपापल्या अनुभवातून वापरतच होते.

सुरुवातीच्या पानांकडे परत येऊ. ‘एक बदाम’नंतर ‘तीन नो ट्रम्प’पर्यंत बारा पायऱ्या उरतात. कल्पना करा की आता तुम्ही फक्त वर्णन करणार आणि भिडू दर वेळी सर्वांत स्वस्त बोली लावून ‘आणखी सांग’ एवढेच म्हणणार. रिले नावाच्या पद्धती खरोखरच अशा चालतात. बारा पायऱ्यांत तुम्ही तेरा पानांच्या किती प्रकारच्या वाटण्यांचे वेगवेगळे वर्णन करू शकाल? मोजणी सोपी आहे. समोरची सर्वांत खालची पायरी तुम्ही वापरलीच नाही तर एक पायरी खर्च होते. ती वापरली, तर ती एक आणि भिडूच्या पुढच्या प्रश्नाची एक, अशा दोन. प्रत्येक टप्प्यावर एक किंवा दोन. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि इतक्या मात्रांची चरणे किती तऱ्हांनी रचता येतील, हा छंदशास्त्रातला प्रश्न बाराव्या शतकात हेमचंद्राने सोडवला होता तो हाच. उत्तर १, २, ३, ५, ८, १३ असे वाढत जाते. ज्या संख्यांना जग फिबोनाचीच्या नावाने ओळखते त्याच या. बारा पायऱ्यांसाठी उत्तर २३३ येते.

त्या २३३ प्रकारांची वाटणी फार बोलकी आहे. तुमची पहिली बोली ‘एक इस्पिक’ असेल तर तिच्या पोटात ८९ प्रकार मावतात. ‘एक नो ट्रम्प’मध्ये ५५. ‘दोन किलवर’मध्ये ३४, ‘दोन चौकट’मध्ये २१. आणि ‘तीन बदाम’ म्हटले तर फक्त एक. प्रत्यक्ष टेबलावर बोली इतकी शिस्तीत चालत नाही, दोघेही थोडे सांगतात आणि थोडे विचारतात. पण प्रमाण खरे आहे: एक पायरी वर चढलात की पुढे सांगता येण्याजोगे सुमारे ३८ टक्क्यांनी घटते. म्हणून चढ्या बोलीत नेमका, मोजका अर्थ भरावा लागतो. स्टँडर्ड पद्धतीत ‘एक बदाम’वर ‘तीन बदाम’ म्हणजे दहा ते बारा गुण आणि बदामची चांगली साथ, एवढेच आणि इतकेच. ‘एक नो ट्रम्प’ मात्र मोठे गाठोडे आहे; सहा ते नऊ गुणांचे, दुसरीकडे कुठे न बसणाऱ्या सगळ्या वाटण्या त्यात कोंबाव्या लागतात. तुमची सहा चौकटसुद्धा.

‘दोन चौकट’ म्हटले असते तर? भिडू दहा गुण धरून चालला असता. त्याच्याकडे १५ असते तर त्याने गेम बोलला असता, आणि २१ गुणांवर तुम्ही नऊ-दहा हात शोधत बसला असता. ‘एक नो ट्रम्प’वर त्याने ‘दोन किलवर’ म्हटले तर पास, ‘दोन बदाम’ म्हटले तरी पास, ‘दोन चौकट’ म्हटले तर आनंदाने पास. तो ‘एक नो ट्रम्प’वरच थांबला तर इस्पिकच्या एकट्या पंजीसह खेळ जरा अवघड जाईल हे कबूल. पण सातच हात करायचे असतील.

आता पाने थोडी बदला. इस्पिकचे राजा, अठ्ठी, चव्वी, दुर्री. बदामची दोन लहान पाने. चौकटची राणी आणि तीन लहान. किलवरचा गुलाम आणि दोन लहान. गुण पुन्हा सहाच, पण इथे ‘एक इस्पिक’ म्हणायलाच हवे. ती पायरी जवळजवळ फुकट आहे. तुम्ही नो ट्रम्प म्हटलात तर भिडू धरून चालेल की तुमच्याकडे इस्पिकची चार पाने नाहीत, आणि चार-चारचा रंग कायमचा हातातून जाईल.

आठ पानांवर एवढा जोर का, तेही आकड्यांत दिसते. तुमच्या जोडीकडे एका रंगाची आठ पाने असली की प्रतिस्पर्ध्यांकडे पाच उरतात आणि ती तीन-दोन अशी विभागलेली असण्याची शक्यता ६८ टक्के. तीन फेऱ्यांत त्यांचे हुकूम संपतात. तुमच्याकडे सातच असतील तर त्यांच्याकडे सहा, आणि ती तीन-तीन अशी सारखी विभागली जाण्याची शक्यता अवघी ३६ टक्के. सुदैवाने, जोडीच्या २६ पानांत आठ किंवा अधिक पानांचा निदान एक रंग सुमारे ८४ टक्के वेळा असतो. भिडूने पाच पानांचा बदाम दाखवला आणि तुमच्याकडे तीन बदाम असले की शोध तिथेच संपला. सहा ते नऊ गुणांवर सरळ ‘दोन बदाम’ म्हणावे.

भिडूने ‘एक नो ट्रम्प’ने सुरुवात केली तर सारे चित्रच पालटते. त्या एका बोलीत त्याने १५ ते १७ गुण आणि समतोल वाटणी (चारही रंग थोडेथोडे) असे जवळजवळ सगळे सांगून टाकलेले असते. त्याला तुमचे काहीच माहीत नाही, तुम्हाला त्याचे बरेच माहीत आहे. म्हणून आता निर्णय तुमचा. समजा, तुमच्याकडे एकच गुण आहे, पण बदामची पाच पाने आहेत. पास करू नका. ‘दोन चौकट’ म्हणा. ट्रान्सफर पद्धतीत याचा अर्थ ‘माझ्याकडे बदाम आहेत, तू दोन बदाम म्हण’ असा होतो. तो म्हणतो, तुम्ही पास करता. हुकूम बदाम झाल्यामुळे तुमची ती पडेल पाने दोन-तीन हात कमावतात, आणि बदाम भिडूने आधी बोलल्यामुळे टेबलावर उघडी पडतात ती तुमची पाने, भिडूची भारी पाने प्रतिस्पर्ध्यांपासून झाकलेली राहतात. पण खरी कमाई वेगळी आहे. भिडूला ‘दोन बदाम’ म्हणावेच लागत असल्याने तुम्हाला आणखी एकदा बोलायची हक्काची संधी मिळते. दुबळ्या पानांवर पास, आठ-नऊ गुणांवर ‘दोन नो ट्रम्प’, दहावर ‘तीन नो ट्रम्प’, सहा बदाम असतील तर ‘चार बदाम’. एका पायरीच्या मोबदल्यात एवढ्या वाटा उघडतात. ऑस्वाल्ड जेकबी यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत रुजवली. माझ्या मते ब्रिजमध्ये यापेक्षा देखणी कल्पना झालेली नाही.

हे सगळे प्रतिस्पर्धी गप्प आहेत असे धरून झाले. ते गप्प नसतात. म्हणूनच कधीकधी जागा वाचवण्याऐवजी मुद्दाम जाळायची असते. भिडूने ‘एक इस्पिक’ म्हटले, तुमच्याकडे पाच इस्पिक आणि चार-पाच गुण, तर थेट ‘चार इस्पिक’ म्हणा. तुमच्या जोडीला आता बोलण्यासारखे काही उरलेले नाही, त्यांना मात्र बरेच बोलायचे आहे, आणि त्यांचा जिना तुम्ही तळापासून काढून घेतलात. यामागचा हिशेब फ्रान्सच्या ज्याँ-रेने व्हर्न यांनी १९६० च्या दशकात मांडला: दोन्ही जोड्यांच्या सर्वांत लांब रंगांतील पानांची बेरीज आणि दोघांना आपापल्या हुकमात होऊ शकणाऱ्या हातांची बेरीज साधारण सारखी येते. म्हणून दहा हुकूम असलेल्या जोडीने दहा हातांपर्यंत बेधडक जावे.

या सगळ्यात एक अट मला फार मोलाची वाटते. ब्रिजमध्ये गुप्त संकेत चालत नाहीत. तुमच्या प्रत्येक बोलीचा ठरलेला अर्थ विचारण्याचा प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण हक्क असतो. आवाजाचा चढउतार, रेंगाळणे, भुवई उचलणे यांतून भिडूला काही कळवणे नियमबाह्य आहे. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी टेबलावर तिरका पडदा लावतात, म्हणजे भिडू एकमेकांना दिसतच नाहीत. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत, बर्म्युडा बोलमध्ये, पडदे आले आणि त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचा आरोपही झाला.

बुद्धिबळात यंत्राने १९९७ साली जगज्जेत्याला हरवले, गो या खेळात २०१६ साली. मार्च २०२२ मध्ये पॅरिसमध्ये नूक नावाच्या संगणक प्रणालीने आठ जगज्जेत्या ब्रिजपटूंशी सामना केला आणि दहा-दहा डावांच्या ८० संचांपैकी ६७ जिंकले. मात्र त्या सामन्यात बोली नव्हतीच. प्रत्येक डावात ‘तीन नो ट्रम्प’ हा करार आधीच ठरलेला होता आणि फक्त पाने खेळायची होती. स्वतःशीच असंख्य डाव खेळून यंत्रांच्या जोडीने आपली अशी एखादी बोलीभाषा घडवली, आणि ती माणसांच्या भाषेपेक्षा काटकसरीची निघाली, असे होऊ शकते. पण टेबलावर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याने ‘या एक नो ट्रम्पचा अर्थ काय?’ असे विचारले की त्या यंत्राला तो सांगावा लागेल, आणि माणसाला समजेल अशा शब्दांत सांगावा लागेल.