गुणोत्तरी अनुमान

पाहणीत आढळलेले गुणोत्तर संपूर्ण समूहालाही लागू आहे असे धरून समूहातील अज्ञात संख्या काढण्याची रीत. आकडेमोडीपुरते हे त्रैराशिकच (तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढणे) होय.

आर्यभटीयाच्या गणितपादात (इ. स. ४९९) फळाला (दिलेल्या संख्येमागे मिळणारे मूल्य) इच्छेने (जिच्यासाठी उत्तर हवे ती संख्या) गुणून प्रमाणाने (दिलेली संख्या) भागावे, असा नियम येतो. बख्शाली हस्तलिखित या गणितावरील प्राचीन भारतीय हस्तलिखितातही त्रैराशिके आहेत. परंतु त्याच्या काळाबद्दल तीव्र मतभेद असल्याने प्राथम्याचा निर्णय न देणे बरे. शिवाय त्रैराशिकात दर दिलेला असतो, पाहणीत तो मोजून मिळवावा लागतो. त्यामुळे या रीतीचा आरंभ बहुधा लंडनच्या मृत्युनोंदींचा अभ्यास करणाऱ्या जॉन ग्राँटपासून (१६६२) मानतात. लंडनमध्ये ११ कुटुंबांमागे वर्षाला ३ मृत्यू, एकूण मृत्यू सुमारे १३,०००, म्हणून कुटुंबे सुमारे ४८,०००. कुटुंबामागे ८ माणसे धरून त्याने लोकसंख्या ३,८४,००० काढली. मात्र चुकीची संभाव्य मर्यादाही गणिताने काढणारा फ्रेंच गणितज्ञ लाप्लास हाच खरा प्रवर्तक म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्सच्या ३० विभागांतील निवडक गावांत १८०२ मध्ये मोजलेली लोकसंख्या २०,३७,६१५ व तीन वर्षांतील जन्म २,१५,५९९ होते. यावरून एका वार्षिक जन्मामागे २८.३५२८४५ माणसे येतात. देशात वर्षाला १० लाख जन्म धरल्यास लोकसंख्या २,८३,५२,८४५ होते.

रीत : ९०० विद्यार्थ्यांच्या शाळेत चिठ्ठ्या टाकून ६० जण निवडले व त्यांपैकी २१ पायी येतात असे आढळले, तर २१ : ६० = क्ष : ९००; क्ष = ३१५. दोन्ही बाजूंना ‘भाग : एकूण’ हाच क्रम हवा. पायी येणारे व न येणारे यांचे २१ : ३९ हे गुणोत्तर ९०० शी जोडले, तर उत्तर सुमारे ४८५ येते, ही चूक टाळावी. साठांपैकी ४८ जणांनीच उत्तर दिले असेल, तर छेद ४८ घ्यावा व उरलेले १२ गप्प का राहिले तेही पाहावे.

२१ : ६०, २१० : ६०० आणि ७ : २० ही गुणोत्तरे सममूल्य असली तरी त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. ६० जणांच्या नमुन्यावर ३१५ च्या दोन्ही बाजूंना सुमारे १०७ चा फरक संभवतो (९५ टक्के विश्वासपातळीला, म्हणजे अशा शंभर नमुन्यांपैकी सुमारे ९५ वेळा फरक याच्या आत राहतो), ६०० जणांच्या नमुन्यावर अवघा २० चा. म्हणून गुणोत्तर संक्षिप्त करून नोंदवू नये. मूळ दोन्ही संख्या द्याव्यात.

नमुना एकाच जागी घेतल्यास मोठा आकारही उपयोगी पडत नाही. बसथांब्याकडच्या फाटकाशी उभे राहून विचारले, तर पायी येणारे कमीच भरतात. पाचवीची मुले व दहावीची मुले यांच्यातील पायी येणाऱ्यांचे प्रमाण फार भिन्न असेल, तर इयत्तावार गुणोत्तरे काढून प्रत्येकाला त्या इयत्तेच्या पटाने गुणावे आणि मग बेरीज करावी.