दाताच्या खुर्चीची भीती नेमकी कोणाला?

‘अशा मुलांचे दात भूल दिल्याशिवाय बघताच येत नाहीत.’ डाऊन सिंड्रोम किंवा इतर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कितीतरी पालकांनी हे ऐकलेलं असतं. काहींना पूर्ण भूल लागते, हे खरं. पण सरसकट सगळ्यांना लागते हा गैरसमज आहे, आणि तो दंतवैद्यांमध्येही आहे. त्यामागे दुष्टपणा नाही, सरावाचा अभाव आहे. शिकताना ज्यांच्या हाताखालून असे रुग्ण गेले, ते पुढे त्यांना जास्त सहज तपासतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमधून दिसलं आहे.

आता भीतीकडे वळू. दात कोरणाऱ्या एअरोटरचं टोक मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेतं आणि शिट्टीसारखं किंचाळतं. काहीच न सांगता हे तोंडाजवळ आलं, की मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो. मूल उठून पळतं, भीती ओसरते आणि मेंदू धडा घेतो, ‘पळालो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी ते दारातूनच मागे फिरतं.

ही भीती जाते कशी? गंमत म्हणजे जुनी आठवण बहुधा पुसली जात नाही. ‘इथे काही झालं नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अमिग्डालातल्या काही चेतापेशींना चेतवतो आणि त्या पेशी घंटेचा आवाज दाबतात. मात्र ही नवी आठवण जागेला बांधलेली असते. खोली किंवा माणूस बदलला, की जुनी भीती परत डोकं वर काढते. म्हणून खुर्ची तीच, डॉक्टर तेच, मदतनीसही तीच हवी. पहिल्या भेटीत मुलाने नुसतं खुर्चीत बसायचं. पुढच्या भेटीत दात घासायचा फिरता रबरी कप आधी त्याच्या नखावर फिरवायचा, मग एका दातावर. ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत 1959पासून दंतवैद्यकात आहे.

हेच चक्र डॉक्टरांच्या डोक्यातही फिरतं. ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’ अशी चिठ्ठी लिहिली की त्यांची धडधड थांबते, आणि आपल्याला हे जमलं असतं हे कळायची संधीही जाते.

किंमत मोजतो रुग्ण. डाऊन सिंड्रोममध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंकडे नीट धाव घेत नाहीत. त्यात दातांची मुळं आखूड. त्यामुळे कीड कमी असली तरी हिरड्यांचा आजार तरुणपणीच बळावतो आणि दात हलू लागतात. बोलता न येणारा मुलगा अचानक गालावर बुक्के मारायला लागला, की घरात दृष्ट काढतात, अंगारा लावतात. दवाखान्यात ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणतात. दोन्हीकडे तोंड उघडून बघायचं राहतं. अंगाऱ्याने दाढेतला पू जात नाही.

आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य, दोन्ही सांगितलं आहे. 2018मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननेही अपंगत्वामुळे रुग्ण नाकारू नये असं आपल्या आचारसंहितेत घातलं. कागद आहेत, कमी आहे तो सराव. म्हणून दंतवैद्यक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला असे रुग्ण स्वतः तपासायला मिळायला हवेत.

पालकांनी फोनवरच विचारावं, ‘पहिल्या दिवशी उपचार नको, गर्दी नसताना नुसतं खुर्चीत बसवाल का?’ मुलाला डाऊन सिंड्रोम असेल तर मान मागे जोरात वाकवू नका, हेही सांगावं. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात.