कियाहकचा हरवलेला दिवस

इजिप्तच्या कॉप्टिक चर्चने 7 जानेवारी 2023 ला नाताळ साजरा केला, तेव्हा त्यांच्या पंचांगात कियाहक महिन्याची 29 तारीख होती. पुढच्या वर्षीही नाताळ 7 जानेवारीलाच आला, पण पंचांगात तारीख होती 28 कियाहक. ही छपाईची चूक नाही. दर चार वर्षांनी असं होतं आणि ते मुद्दाम केलेलं असतं.

या वर्षाची मांडणी प्राचीन इजिप्तची आहे. 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी नसी नावाचा 5 दिवसांचा पिल्लू महिना, असे 365 दिवस. कियाहक हा चौथा महिना. त्याचं नाव ओसायरिस या प्राचीन इजिप्शियन देवाशी जोडलेल्या 'का-हेर-का' या उत्सवावरून आलं. मुळात या मांडणीत लीप दिवस नव्हता, त्यामुळे पंचांग दर 4 वर्षांनी एका दिवसाने ऋतूंपासून सरकत जाई. इ.स.पू. 238 मध्ये, तिसऱ्या टॉलेमीच्या काळात, कनोपसच्या फर्मानात दर 4 वर्षांनी सहावा दिवस घालायचं ठरलं, पण ते फारसं कुणी पाळलं नाही. तो दिवस खऱ्या अर्थाने लागू झाला रोमन सम्राट ऑगस्टसच्या राजवटीत. न केलेल्या दुरुस्तीचा परिणाम बघायचा तर मुंबईतच दिसेल. पारशांच्या शहनशाही पंचांगातही 30 दिवसांचे 12 महिने आणि 5 गाथा दिवस आहेत, पण लीप दिवस नाही. म्हणून त्यांचं नवं वर्ष आता ऑगस्टच्या मध्याला येतं. कॉप्टिक नववर्षालाही नैरूझच म्हणतात, मात्र ते 11 किंवा 12 सप्टेंबरच्या पलीकडे हलत नाही.

हे 11 की 12, यातच आपल्या कोड्याचं उत्तर आहे. कॉप्टिक शक इ.स. 284 पासून, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशन बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजतात आणि त्याला हुतात्म्यांचा शक म्हणतात. शकाच्या आकड्याला 4 ने भागून बाकी 3 उरली, की त्या वर्षी नसी 6 दिवसांचा. 1739 ला बाकी 3 उरते, म्हणून 1740 हे वर्ष 12 सप्टेंबर 2023 ला सुरू झालं. आपल्या कॅलेंडरचा जादा दिवस मात्र त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, 29 फेब्रुवारीला आला. मधल्या काळात प्रत्येक कॉप्टिक तारीख आपल्याकडे एक दिवस उशिरा पडते, आणि कियाहक अख्खाच्या अख्खा या फटीत सापडतो.

मग नाताळ 8 जानेवारीला का ढकलला नाही? गब्रीएल देवदूताने मरीयेला वार्ता दिली, तो सण बरमहात महिन्याच्या 29 तारखेला असतो. तो फेब्रुवारीनंतरचा असल्यामुळे दरवर्षी 7 एप्रिललाच येतो. तिथून 29 कियाहकपर्यंत मोजले तर 275 दिवस भरतात. मध्ये 6 दिवसांचा नसी आला की ते 276 होतात. गर्भाचे दिवस वाढवणं चर्चला मान्य नव्हतं. त्यांनी तारीख सोडली आणि दिवसांची मोजणी धरली. क्षय तिथीची सवय असलेल्या वाचकाला यात फारसं नवल वाटणार नाही.

हे गणित तपासायला कियाहकमधले संतच उपयोगी पडतात. चर्चमध्ये रोज प्रेषितांच्या कृत्यांचं वाचन झालं, की शुभवर्तमानाआधी सिनाक्सार वाचतात, म्हणजे त्या तारखेच्या संतांची चरित्रं. 4 कियाहकला प्रेषित अंद्रिया, 8 ला बार्बारा, 10 ला निकोलस. आपल्या कॅलेंडरप्रमाणे हे दिवस 13, 17 आणि 19 डिसेंबर. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च ज्याच्या नावाचं, त्या अंद्रियाचा सण कॅथलिक परंपरेत 30 नोव्हेंबरला असतो, बार्बाराचा 4 डिसेंबरला आणि निकोलसचा 6 ला. तिन्हींत फरक नेमका 13 दिवसांचा. यातले 10 दिवस 1582 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने गाळले. 1700, 1800 आणि 1900 ही वर्षं नव्या कॅलेंडरात लीप नव्हती, त्यांचे आणखी 3. म्हणजे संतांचे दिवस दोन्हीकडे तेच आहेत, फक्त कॅलेंडर वेगळं.

काही नावं मात्र इजिप्तची स्वतःची. 6 कियाहकला दहाव्या शतकातले कॉप्टिक चर्चचे 62 वे पोप अब्राम. 8 ला बार्बाराच्या जोडीने कलमूनचा संन्यासी सॅम्युएल.

तारीख बदलायची रीत सोपी आहे. कियाहकच्या तारखेत 9 मिळवा, की डिसेंबरची तारीख मिळते. बेरीज 31 च्या वर गेली तर 31 वजा करा, ती जानेवारीची तारीख. सहा दिवसांच्या नसीनंतरच्या कियाहकात 9 ऐवजी 10 मिळवा. असा कियाहक पुढे 11 डिसेंबर 2027 ला सुरू होईल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे, फेब्रुवारी 2028 मध्ये 29 दिवस आहेत म्हणून दुरुस्ती त्यानंतर लावणं. ती आधीच्या सप्टेंबरपासून लावायची असते. दुसरी चूक संध्याकाळची. कॉप्टिक दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे बार्बाराची प्रार्थना 16 डिसेंबरच्या सांजेलाच सुरू झालेली असते. आणि ही रीत 2100 च्या फेब्रुवारीपर्यंतच चालेल. ते वर्ष आपल्याकडे लीप नाही, त्यामुळे 2101 चा कॉप्टिक नाताळ 8 जानेवारीला येईल.

12 कियाहक म्हणजे बहुतेक वर्षी 21 डिसेंबर, वर्षातला सर्वांत लहान दिवस. तेव्हा कैरोत दिवस दहा तासांच्या जरा वर असतो. इजिप्शियन शेतकरी म्हणतो, 'कियाक, सबाहक मसाक', तुझी सकाळ हीच तुझी संध्याकाळ. न्याहारीवरून उठतोस तोच रात्रीच्या जेवणाची तयारी. उरलेल्या जवळपास चौदा तासांच्या रात्रीचा चर्चने पुरेपूर उपयोग केला आहे. शनिवारी रात्री झांजा आणि त्रिकोण (ट्रायँगल) या वाद्यांच्या ठेक्यावर 'सात आणि चार' चालतं: आठवड्याच्या सात वारांची मरीयेची सात स्तोत्रं आणि चार 'होस', म्हणजे बायबलमधली स्तुतिगीतं. ते पहाटेपर्यंत पुरतं. चार रविवारी लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाचे चार तुकडे क्रमाने वाचतात: जखऱ्याला वार्ता, मरीयेला वार्ता, मरीया अलिशिबेच्या भेटीला, आणि योहानाचा जन्म.

नाताळचा उपास कियाहकच्या आधीच्या महिन्यात, 16 हातूरला सुरू होतो. हातूरचे 15 आणि कियाहकचे 28, असे 43 दिवस. मांस, अंडी, दूध बंद. मासे चालतात, पण बुधवारी आणि शुक्रवारी नाही. शेवटचा दिवस पारामून, तेव्हा ठरावीक वेळेपर्यंत अन्नपाणीही वर्ज्य. मात्र शनिवारी-रविवारी असं उपाशी राहायचं नाही, असा नियम आहे. म्हणून नाताळ रविवारी आला, तर पारामून शुक्रवारी सुरू होऊन दोन दिवसांचं होतं आणि कडक उपास शुक्रवारी उरकतात. 2024 ला तसंच होतं. नाताळ सोमवारी आला तर ते तीन दिवसांचं. 7 जानेवारी 2030 ला सोमवार आहे, तेव्हा पारामून 4 तारखेच्या शुक्रवारी सुरू होईल.